किती क्रेट

चोपड्याच्या आमच्या टॉकीजचा पडदा
डाव्या कोपऱ्यात फाटलेला,
शिंप्याकडून जाड दोऱ्यानं शिवून घेतलेला.
आभाळातून येणारा कुठलाही वीर
त्या टाक्यांवरूनच खाली उतरायचा.
मी वर, केबिनच्या चौकोनी भोकातून बघायचो.

पुंजू बडगुजर पिक्चर बघायचाच नाही.
तो दाराचा माणूस.
तिकीट फाडायचं, बॅटरी दाखवायची, कडी लावायची,
मग स्टुलावर बसून दाराला कान.
आतल्या खुर्च्या ऐकायचा.
"पडदा खोटं बोलस, भो. खुर्ची नही."

त्या मे महिन्यात एक मोठा आला.
पोस्टर पार यावल नाक्यापर्यंत,
केळीच्या ट्रकांवरसुद्धा कुणी चिकटवलेलं.
शुक्रवारी बाल्कनी फुल्ल, खाली शिट्ट्या,
कूलरच्या वाळ्याचा वास आणि घामाचा.
पहिलं शहर कोसळलं, टाळ्या.
दुसरं कोसळलं.
तिसरं कोसळत होतं तेव्हा
अर्धी बाल्कनी मुतारीच्या रांगेत उभी होती, निवांत.

पुंजूनं एकाला विचारलं,
"आत काय चालू शे?"
"जग बुडी राह्यनं."
"मंग तू आठे?"
"बुडू दे ना. तो वाचाडसच."

सोमवारी टॉकीजमधे चौदा माणसं,
त्यातली दोन झोपलेली.
पुंजू विडी विझवत म्हणाला,
"ज्याले पडता येत नही,
त्याले झेलाले कोन जाई?"

पुढच्या आठवड्यात पेटी आली ती नाव नसलेल्याची.
डबिंग ओठांच्या मागे मागे धावणारं,
अंगरखा तर ताडपत्रीचाच वाटावा असा,
आणि एका उडीत तार दिसली.
मला दिसली, तशी सगळ्यांनाच.
खालून कुणीतरी ओरडलं, "अरे, दोरी बांध घट!"
हसून हसून खुर्च्या वाजल्या.
मी म्हटलं, गेला हाही.

मग तो सीन.
रात्र. पूल खांद्यावर पेलून आलेला तो,
एका कानातून रक्त,
आपल्या घराशी येतो.
दार आतून बंद.
बोटानं ढकललं तरी भिंतीसकट पडेल असं दार.
तो उभा राहतो. जरा वेळ.
मग कडी वाजवतो,
हळू,
शेजारचे उठू नयेत इतपत.

एवढी शांतता मी त्या टॉकीजमधे
लाइट गेल्यावरही ऐकलेली नाही.
कूलरसुद्धा दम धरून होता.

तो पुन्हा कडी वाजवतो
आणि टॉकीजचं दार उघडतं.
पुंजू!
त्याला वाटलं, कुणाला बाहेर यायचंय.
दुपारचं पंचेचाळीस डिग्रीचं ऊन
सरळ पडद्यावर, टाक्यांवर.
एरवी शिव्यांनी टॉकीज डोक्यावर घेतलं असतं,
त्या दिवशी कुणी वळूनही पाहिलं नाही.
पडद्यावरच्या बाईनं दार उघडलं, म्हणाली,
"बूट बाहेर काढ."

भुसावळच्या वितरकाला विचारलं असतं
तर म्हणाला असता, फाइट कमी आहे, खर्च दिसत नाही.
बरोबरच होतं त्याचं.
तार तर दिसलीच होती.
मी आजही सांगू शकत नाही
ती तार आम्ही कधी विसरलो.
की विसरलो नाही, तशीच घेतली पदरात,
पडद्याच्या टाक्यांसारखी.

शो सुटला.
सायकल स्टँडच्या कठड्यावर एक पोरगं,
गळ्यात बापाचा टॉवेल गाठ मारून,
हात पुढे केले, आणि उडी.
गुडघा फुटला.
रडायच्या आधी त्यानं इकडेतिकडे पाहिलं,
कुणी बघितलं तर नाही ना.
मग उठून टॉवेल झटकला, पुन्हा कठड्यावर.

कँटीनचा मेहमूद पिंजारी आतून ओरडला,
"पुंजूभाऊ, सोडा किती सांगू? उद्याला पाच क्रेट बस?"

पुंजू त्या गुडघ्याकडे बघत होता.
"ईस सांग," म्हणाला.
"आनि तो पोऱ्याले एक दे. मना नावना."